नाच्याचं नाव कुठे लिहायचं? खडी गंमतीतल्या एका कलावंताच्या मानधन अर्जाचं प्रकरण

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या शिवेवर, धानपट्ट्यातलं एक गाव. तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या एका कलावंताचा शासनाच्या मानधनाचा अर्ज ‘कलाक्षेत्रातील योगदानाचा पुरावा अपुरा’ असा शेरा लागून परत आला. या माणसाने जवळजवळ चाळीस वर्षं खडी गंमतीत, म्हणजे विदर्भातल्या तमाशासारख्या लोकनाट्यात, नाच्या म्हणून, म्हणजे बाईच्या वेषात स्त्रीभूमिका करणारा पुरुष म्हणून, काम केलं. आसपासच्या कोणत्याही गावात पन्नाशीपुढच्या बाईला विचारा, ती त्यांची एखादी गौळण म्हणून दाखवेल. तरीही कागदावर दाखवायला काही निघेना.

लोककलावंतांचे अर्ज भरून देणं, दाखले गोळा करणं हे काम मी शाळेच्या नोकरीसोबत करत आलो आहे. अर्ज परत येणं नवं नाही. पण हा अर्ज ज्या कारणाने परत आला ते कारण खडी गंमतीच्या घडणीतच आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. कलावंताचं आणि गावाचं नाव देत नाही, तशी त्यांच्या घरच्यांची इच्छा आहे. गाव त्यांना मामाजी म्हणतं, मीही तेच म्हणेन.

गंमत उभी राहते ती कशी

भाऊबीज झाली की या भागात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या. लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी होतात, तलावातले शिंगाडे उकडून विकायला बसतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धानाच्या कापणीला थोडा अवकाश असतो. दिवसा दंडार हे इथलं दुसरं लोकनाट्य आणि खडी गंमत, रात्री नाटक, असा साधारण बेत.

खडी गंमतीला मंच लागत नाही. चावडीपुढे किंवा आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, लोक गोल करतात आणि मधे पार्टी उभी राहते. शाहीर, ढोलकीवाला, डफवाला, तुणतुणंवाला, मागून सूर धरणारे झिलकरी आणि नाच्या. सगळे पुरुष. आधी गण, मग गौळण, मग लावणी, भेदिकाचे म्हणजे कूट प्रश्नांचे सवाल-जवाब, झगडा म्हणजे नवरा-बायकोचं भांडण, पोवाडा. दुय्यम गंमत असली की दोन पार्ट्या समोरासमोर येतात. एक कलगीवाली, शक्तीला थोर मानणारी. दुसरी तुरेवाली, शिवाला थोर मानणारी. ऊन डोक्यावर आलं तरी सवाल संपत नाहीत.

यात नाच्या काय करतो? लोक म्हणतात, नाचतो. हे फार तोकडं उत्तर आहे. गौळणीत तो राधा होतो, झगड्यात शाहिराची बायको होते, पोवाड्यात युद्धावर निघालेल्याची आई होते. शाहीर एक माणूस, तो सवाल टाकतो. बाकी सगळं जग नाच्याने उभं करायचं असतं. नाच्या आजारी पडला तर पार्टी सुपारी परत करते, शाहिराचा आवाज बसला तर झिलकरी वेळ मारून नेतो. ही गोष्ट प्रत्येक पार्टीला ठाऊक आहे, पण ती कुठे लिहिलेली सापडत नाही.

तमाशाच्या इतिहासात पेशवाईपासून नाच्या पोऱ्या दिसतो. पठ्ठे बापूरावांच्या फडातल्या पवळाला तमाशातली पहिली स्त्री कलावंत मानलं जातं. पश्चिम महाराष्ट्रात पुढे बाईच तमाशाच्या केंद्रस्थानी आली. विदर्भाच्या खडी गंमतीत मात्र ही जागा फार काळ पुरुषाकडेच राहिली, आणि त्यामुळेच बाईचं काम करण्याची एक वेगळी, उन्हातली, मातीतली रीत इथे टिकली.

मामाजी

घर अल्पभूधारकाचं. धानाच्या दोन बांध्या म्हणजे दोन लहान शेतं, बाकी मजुरी. साधारण १९७०च्या सुमारास, मिसरूड फुटायच्या वयात, शेजारगावच्या शाहिराने त्यांना उचललं. आवाज चांगला, अंग सडपातळ, एवढंच पाहून. त्या पार्टीत एक वयस्क नाच्या होते, त्यांनी शिकवलं. पाऊल कसं टाकायचं ते नंतर. आधी बायकांच्या मागून चालायला पाठवलं. पाणवठ्यावर, बाजाराच्या वाटेवर, रोवणीच्या बांधीवर. पाहून ये आणि सांग, कोण कशी चालते.

मामाजींच्या सगळ्या कलेचं मूळ या शिक्षणात आहे असं मला वाटतं. त्यांच्या आधीचे नाच्ये लचकत, मुरडत येत आणि लोक शिट्ट्या मारत. मामाजी गौळण म्हणून आले की आधी सरळ चालत येत, डोक्यावरच्या माठाचा तोल सांभाळत. माठ नसेच, पण मान अशी धरलेली की माठ दिसावा. झगड्यात शेतातून आलेली बायको करायची असली तर एक हात कमरेवर, पाय किंचित फाकलेले, ओचा खोचलेला. मी एकदा विचारलं, हे कुठून आणलं? त्यांनी सांगितलं, “दिसभर वाकून रोवना करनारी बाई घरी येते तं कंबर धरूनच येते जी. थे लचकन कायले?”

हे लहान वाटेल, पण याने गंमत बदलली. नाच्या ही शाहिराने चिडवायची आणि लोकांनी हसायची वस्तू होती. मामाजींनी तिला बोलायला लावलं. झगड्यात शाहीर बायकोला नावं ठेवतो आणि ती निरुत्तर होते, हा जुना साचा. मामाजी जवाब देऊ लागले. शाहिराने लिहून दिलेल्या ओळीनंतर स्वतःची एक ओळ. शाहीर आधी रागावला. मग लोकांनी ती ओळ पुन्हा म्हणायला लावली तेव्हा गप्प राहिला. काही वर्षांत झगड्याचा अर्धा भाग नाच्याचा झाला आणि आसपासच्या पार्ट्यांनीही तीच रीत उचलली.

आणखी एक बदल त्याहून मोठा. पूर्वी गंमतीच्या गोलात बाया बसत नसत. लांब, घराच्या ओसरीवरून नाहीतर गाडीवरून पाहत. आत द्वयर्थी बोलणं चालायचं, पिऊन आलेले लोक असायचे. मामाजींनी शाहिराला दोन गोष्टी मान्य करायला लावल्या. त्यांच्या तोंडी घाण शब्द यायचा नाही, आणि बक्षीस द्यायला कोणी अंगाला हात लावला तर गंमत तिथेच थांबायची. ती खरोखर थांबवलेली लोकांना आठवते. हळूहळू गोलाची एक बाजू बायांची झाली. सतरंजी टाकून, पोरंबाळं मांडीवर घेऊन, पुढच्या रांगेत. आज या भागातल्या मंडईत बाया समोर बसलेल्या दिसतात त्याचं सगळं श्रेय मी एका माणसाला देणार नाही. पण या पंधरा-वीस गावांत ते कोणापासून सुरू झालं हे विचारलं तर उत्तर एकच मिळतं.

टमरेलाचा झगडा

राज्यात २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगावी पार्ट्यांना संडासावर काही करा म्हणून सांगण्यात आलं. बहुतेक शाहिरांनी उपदेशाची कवनं बांधली. मामाजींच्या पार्टीने झगडा बसवला आणि तो मी स्वतः पाहिला आहे.

नवी सून. पहाट. हातात टमरेल, डोक्यावरून पदर. रस्त्याच्या कडेला बसलेली. तेवढ्यात दुरून गाडीचा उजेड. ती उठते. गाडी जाते. ती बसते. पुन्हा उजेड. पुन्हा उठते. मामाजी हे एक शब्द न बोलता करत. ढोलकीवाला फक्त गाडीचा आवाज द्यायचा. पहिल्या वेळी पुरुष हसले. दुसऱ्या वेळी थोडे हसले. पाचव्या-सहाव्या उठण्याला बायांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने बोलली, “बस झालं, बसू द्या तिले!” मग मामाजी वळले आणि शाहिराला, म्हणजे नवऱ्याला, विचारलं: ट्रॅक्टर घेतला, मोटारसायकल घेतली, मले आडोसा कधी घेता?

पुढच्या ओळी मला पाठ नाहीत. पण त्या वर्षी या गावात ग्रामसभेत संडासाचा विषय बायांनी काढला, आणि काढताना याच झगड्याचा दाखला दिला. पुरुषाने लुगडं नेसून ते दाखवलं म्हणून बोलता आलं, असं तेव्हाच्या एका महिला सदस्याने मला सांगितलं. बाईने भर चौकात तसं बसून दाखवलं असतं तर गावाने तिलाच बोल लावला असता. नाच्याच्या कलेची ताकद मला इथे दिसते. बाईला जे उघड सांगणं महागात पडलं असतं ते तो तिच्या वतीने, तिच्या चालीने, भरदिवसा सांगू शकला.

रंग, लुगडं आणि मिशी

भरदिवसा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दिव्याच्या उजेडात बाई दिसणं आणि नोव्हेंबरच्या उन्हात, दोन हातांवर प्रेक्षक असताना बाई दिसणं यात फार अंतर आहे. मामाजींची तयारी पहाटे सुरू व्हायची. दोनदा दाढी, मग तुरटी. खोबरेल तेल. त्यावर सुरुवातीच्या वर्षांत मुर्दाडशिंग उगाळून लावत. त्यात शिसं असतं, त्याने गालाची कातडी काळवंडली ती काळवंडलीच. पुढे बाजारची पावडर आली. केस स्वतःचे वाढवलेले, मागे गंगावन जोडून खोपा. पोलकं बायकोने शिवलेलं, आत कापसाच्या घड्या. लुगडंही बायकोचंच. चमकीची साडी त्यांनी नेसली नाही. लाल काठाचं, धुऊन मऊ झालेलं नऊवारी, जे समोर बसलेली बाईही नेसून आलेली असायची. पायात चाळ. कानात जड झुमके, इतके जड की उजव्या कानाची पाळी फाटली. ही फाटकी पाळी पुढे या प्रकरणात कामाला आली.

मिशीची गोष्ट अधिक अवघड. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही ही आपल्याकडची जुनी समजूत. मामाजींनी पंधरा-सोळाव्या वर्षीच ओठ साफ ठेवायला सुरुवात केली. वडिलांनी त्यांच्या पंगतीला बसणं सोडलं. घरात धान यायचा तो गंमतीच्या मोबदल्यात मिळालेल्या पायल्यांमधूनही यायचा, तो शिजायचा, वडील तो खायचे, पण मुलाच्या शेजारी बसून नाही. हे वडील वारले तोवर चाललं.

लग्न झालं, मुलं झाली. बायकोला कोणी टोचून बोललं की ती म्हणे, “माह्या लुगड्यात नाचते, दुसरीच्या नाई.” मुलीच्या वेळेला मात्र त्रास झाला. एक सोयरीक ‘नाच्याची पोरगी’ म्हणून मोडली. दुसरी जुळली ती एका अटीवर: आमच्या गावच्या मंडईत तुम्ही नाचायचं नाही. मामाजींनी अट पाळली. त्या मोठ्या गावच्या मंडईत त्यांची पार्टी गेली, ते गेले नाहीत. त्या गावात पत्रकारही येत, फोटोवालेही येत. त्यामुळे ज्या मंडईची छायाचित्रं आणि बातम्या सर्वांत जास्त, त्यातच ते नाहीत.

अर्ज

राज्य शासनाची वृद्ध कलावंत मानधन योजना १९५४-५५पासून चालत आली आहे. आज तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या आणि रक्कम श्रेणीप्रमाणे बदलायची. २०२४पासून सगळ्यांना दरमहा ५,००० रुपये. वय पन्नासच्या वर हवं, कलाक्षेत्रात किमान पंधरा वर्षांचं काम हवं. धानाच्या मजुरीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला महिन्याला पाच हजार म्हणजे औषधपाणी आणि किराणा दोन्ही.

वय होतं, उत्पन्नाचा दाखला होता, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक होतं. अडलं ते पुराव्यावर. पुरावा म्हणून कार्यक्रमांची पॉम्प्लेटं, वर्तमानपत्रांची कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रं जोडायची असतात. मामाजींच्या बायकोने पत्र्याच्या पेटीत पॉम्प्लेटं जपून ठेवलेली. गुलाबी, पिवळ्या कागदाची, कडा कुरतडलेली. सगळ्यांवर शाहिराचं नाव ठळक, ‘आणि संच’ त्याखाली. मंडळाच्या अध्यक्षाचं नाव, सरपंचाचं नाव, मंडप देणाऱ्याचं, लाउडस्पीकरवाल्याचं नाव. नाच्याचं नाव एकाही कागदावर नाही. गंमतीत दहा रुपये बक्षीस देणाऱ्याचंही नाव शाहीर माइकवरून पुकारतो. ते बक्षीस ज्याच्यासाठी दिलं त्याचं नाव पुकारत नाहीत.

मी मामाजींना विचारलं, तुम्ही कधी म्हटलं नाही का, माझं नाव छापा? ते म्हणाले, “नाव काऊन पायजे होतं? लोकं तं मलेच पायाले येत होते.”

फोटो होते. त्यांत एक बाई दिसत होती. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने आधार कार्ड आणि फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाला, ही व्यक्ती तीच हे कसं धरायचं? त्याच्या जागी त्याचं चूक नव्हतं. कलावंताने काम इतकं नीट केलं होतं की कागदाला तो ओळखता येईना. दुसऱ्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, हे ‘तसे’ आहेत का? मी सांगितलं की अर्जात असा रकाना नाही. नाच्यांमध्ये संसार केलेले आहेत आणि आयुष्यभर बाईच्या पेहरावात राहिलेलेही आहेत. दोन्ही प्रकारच्या माणसांनी ही कला जगवली. मानधन कलेच्या कामाचं आहे, तेव्हा चौकशी कामाची व्हावी.

बालगंधर्वांचं नाव निघतं तेव्हा

या सगळ्या खटपटीत अनेकांनी मला बालगंधर्वांचं उदाहरण दिलं, मामाजींना मोठेपणा द्यावा म्हणूनच. त्या तुलनेवर थोडं थांबावंसं वाटतं.

मराठी रंगभूमीवर १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुष करत आले. भाऊराव कोल्हटकर झाले, मग नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला झाले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांचं नेसणं, खोपा, फुलं माळणं घरंदाज बायकांनी उचललं. मंचावर उंची गालिचे, अत्तरं, भरजरी शालू. १९६४ साली पद्मभूषण, निधनानंतर वर्षभरात, १९६८ साली, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर. हा सन्मान त्यांच्या गळ्याने आणि तपश्चर्येने मिळवलेला आहे, त्यात कोणाचं दुमत असू नये.

पण मग तेच काम विदर्भातल्या आखरावर करणाऱ्याला ‘नाच्या’ म्हणून सोयरीक का नाकारली जाते? एकाकडे तिकीट काढून बसलेला शहरी, शिकलेला प्रेक्षक होता, छापील नाटक होतं, वर्तमानपत्रातलं परीक्षण होतं. दुसऱ्याकडे यांतलं काहीच नव्हतं, आणि जातीची, मजुरीची उतरंड होती. बालगंधर्वांकडून बायकांनी नेसणं घेतलं. मामाजींनी बायकांकडून नेसणं घेतलं, चालणं घेतलं, आणि ते त्यांना बोलण्यासकट परत दिलं. दोघांचं मोल एकाच मापाने करू नये, पण दुसऱ्याचं करूच नये असंही नाही.

काम कमी कसं झालं

कोणी म्हणतं, बाया स्टेजवर आल्या म्हणून नाच्या गेला. मला हे पटत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत पूर्वी पुरुषच स्त्री पार्टी म्हणजे स्त्रीभूमिका करत. आज वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्यांत बाया काम करतात, पोस्टरवर त्यांचं नाव आणि फोटो असतो. ते योग्यच आहे, आणि कलावंताचं नाव छापण्याची रीत तिथूनच शिकता येते.

नाच्याचं काम गेलं ते दिवसाची मंडई आटली म्हणून. आधी व्हिडिओ, मग ऑर्केस्ट्रा, मग डीजे. वर्गणी तीच, त्यातला मोठा वाटा रात्रीच्या कार्यक्रमाला जाऊ लागला. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत हा मंडईसारखाच दुसरा आधार होता, पटाच्या दिवसांत गावाला पाहुणे आणि पार्ट्यांना सुपाऱ्या. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंत तो आधार गेला. मधे २०२०ची मंडई कोरोनात झालीच नाही. बैलांचे हाल व्हावेत असं कोणी म्हणणार नाही. पण पट बंद झाल्याने ज्यांची रोजी गेली त्यांत खडी गंमतवालेही होते, याची नोंद कुठे दिसत नाही. मामाजींचा गुडघा याच काळात गेला.

पुरावा कुठून आला

पहिला पुरावा विरोधी पार्टीकडून मिळाला. तुरेवाल्या शाहिराची पार्टी मामाजींच्या कलगीवाल्या पार्टीसमोर दुय्यमला अनेकदा उभी राहिलेली. या शाहिराचं वय आता ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे बाड म्हणजे हस्तलिखित वही होती, कापडात बांधलेली. दुय्यमला समोरच्याने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं हे ते घरी येऊन लिहून ठेवत, पुढच्या सामन्याची तयारी म्हणून. त्यात झगड्याचे जवाब होते आणि ज्याने जवाब दिला त्याचं नावही, कारण पुढच्या वेळी याला अडवायचं होतं. गावाचं नाव, तिथी, मंडई, आणि समोर मामाजींचं नाव. स्वतःच्या शाहिराने जे पॉम्प्लेटावर छापलं नाही ते हरवू पाहणाऱ्याने वहीत लिहिलं होतं. या म्हाताऱ्या शाहिरांनी ती पानं झेरॉक्सला दिली आणि आपणहून जबाबही लिहून दिला.

दुसरा पुरावा एका फोटोतून निघाला. तालुक्याच्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे मंडईचे फोटो होते. त्यात एक, गंमत संपल्यानंतरचा. मामाजी लुगड्यातच बसलेले, खोपा सोडलेला, गंगावन मांडीवर, हातात चहाचा कप, चेहऱ्यावरचा रंग तेलाने अर्धा पुसलेला. उजव्या कानाची फाटकी पाळी स्वच्छ दिसते. तोच कान घेऊन मामाजी कार्यालयात बसले. कर्मचाऱ्याने फोटो पाहिला, कान पाहिला आणि फोटोच्या झेरॉक्सवर सही केली.

तिसरा पुरावा बचत गटाच्या बायांनी आणला. त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला की या कलावंताने किमान पंधरा वर्षं खडी गंमतीत काम केल्याचं गाव जाणतं. ठरावात ‘नाच्या’ शब्द लिहायचा की ‘स्त्री भूमिका करणारे कलावंत’, यावर सभेत बोलणं झालं. काही पुरुषांना पहिला शब्द नको होता. मामाजी मागे बसलेले, ते उठून म्हणाले, दोन्ही लिहा. दोन्ही लिहिलं गेलं.

शेवटी निवड समितीसमोर सादरीकरण. धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, रंग नाही, चाळ नाही, गुडघा दुखरा. मामाजींनी खुर्ची मागितली आणि बसूनच गौळण धरली. दुसऱ्या कडव्याला मान वळली, पदर नसलेल्या खांद्यावरचा पदर दोन बोटांनी सारखा केला. समितीतल्या एकाने टमरेलाचा झगडा ऐकला होता. त्यांनी तो विचारला. मामाजींनी उठून बसून दाखवायचा प्रयत्न केला, दोनदा जमलं, तिसऱ्यांदा कोणीतरी हात दिला.

अर्ज मंजूर झाला. पैसे खात्यात येऊ लागले.

त्यानंतर

गेल्या मंडईच्या पॉम्प्लेटावर पार्टीतल्या सगळ्यांची नावं छापली. शाहिराच्या मुलाने आधी कुरकुर केली, नावं मावणार नाहीत म्हणाला. छापखान्याने अक्षर बारीक केलं, मावली. हीच गोष्ट मी आता प्रत्येक पार्टीला सांगतो: पॉम्प्लेटावर नाव आणि काम, दोन्ही छापा. गंमत संपल्यावर रंग अर्धा उतरवून एक फोटो काढा. शाहिरांनो, बाडात समोरच्याचंच नव्हे, आपल्या नाच्याचंही नाव लिहा. ढोलकीवाल्याचा अर्ज या रीतीने एका फेरीत पुढे गेला.

नदीपलीकडच्या एका गावात दुसरे एक नाच्या आहेत, मामाजींहून थोडे लहान. त्यांचा अर्ज मात्र अडला आहे, आणि यावेळी तो घरातच अडला आहे. नातीची बोलणी चालू आहेत. घरच्यांचं म्हणणं, अर्जात गायक लिहा. मी त्यांना सांगितलं की गायक लिहिलं तर फोटो आणि बाडातल्या नोंदी जुळणार नाहीत, अर्ज परत येईल. मामाजी स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांनी आग्रह केला नाही. सोयरीक होऊ द्या, मग भरा, पण भराल तेव्हा नाच्याच लिहा, एवढंच सांगितलं. त्या घराने मंडयांचा हंगाम संपेपर्यंत वेळ मागितला आहे.